बिल चुकले की नळ?



महाराष्ट्रातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात मी २८ वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूस बसलो. सध्या मुक्काम जनाबियाला, मुलाकडे. गेल्या उन्हाळ्यात प्रथमच खिडकीच्या बाहेरचा माणूस व्हायची वेळ आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या कार्यालयात पूर्वी एकच रांग असे. नुसते पैसे भरणारे आणि बिलावरून भांडणारे, सगळे एकामागे एक. एका भांडणापायी मागचे तीसजण ताटकळत. आम्ही खिडक्या वेगळ्या केल्या, पण खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. मागच्या बिलाच्या दुप्पट आकडा आला, की ते बिल रवाना करण्याआधी मीटर वाचणाऱ्याला परत त्या घरी धाडायचे. बंद घरांना सरासरीने बिल जाई आणि पुढे खरे रीडिंग घेतले की सगळा बोजा एकदम पडे. म्हणून दारात कार्ड टाकू लागलो, की रीडिंग तुम्हीच लिहून आणा. कार्ड आणणाऱ्याचे काम पाच मिनिटांत होई. "एवढे कसे आले हो?" एवढेच विचारणाऱ्याला तास लागे.

इथे वीज आणि पाणी यांचे बिल एकत्र येते आणि घरबसल्या भरता येते. रांगेचा प्रश्नच नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या भाडेकरारात ठरावीक रकमेपर्यंतचे बिल घरमालक भरतो, वरचे आपण. त्यामुळे ती मर्यादा ओलांडेपर्यंत बिल कोणी उघडूनही पाहत नाही. उन्हाळ्यात तर सगळा दोष एसीच्या माथी! मुलाच्या घरी तसेच झाले. मी बिलातले विजेचे आणि पाण्याचे आकडे वेगळे करून पाहिले, तर फुगले होते पाणी.

"बाबा, मीटरच बिघडलाय. मी फोन करून चांगलं सुनावतो," मुलगा म्हणाला.

"आज रात्र जाऊ दे," मी म्हटले.

रात्री ११ वाजता टाक्या भरल्याची खात्री करून, सगळे नळ बंद करून फाटकाजवळच्या मीटरचे रीडिंग लिहिले. सकाळी ६ वाजता, कोणी तोंड धुण्याआधी, पुन्हा पाहिले. फरक ४०० लिटरचा! सात तासांत ४००, म्हणजे दिवसाला सुमारे १,३७० लिटर, महिन्याला ४१ घनमीटर. (एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.) पूर्वी इथे घरगुती पाण्याच्या पहिल्या ६० घनमीटरना प्रत्येकी २५ फिल्स पडत. तेव्हा अशी गळती एखाद्या दिनारात निभावली असती. मार्च २०१६ पासून परदेशी रहिवाशांची सवलत टप्प्याटप्प्याने काढली गेली आणि २०१९ मध्ये दर ७५० फिल्सवर पोचला. त्या दराने ४१ घनमीटरचे होतात पावणेएकतीस दिनार. जुन्या बहारीनकरांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. बरे, हे पाणी बहुतांशी समुद्राचे गोडे केलेले!

गळती सापडली जमिनीतल्या टाकीत. तिचा फ्लोट व्हॉल्व्ह पुरता बंद होत नव्हता आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून कुंपणाकडे जात होते. सूनबाईंची बोगनवेल यंदा एवढी का फोफावली, तेही कळले.

मग मुलाने फोन केला. खाते क्रमांक, दोन्ही रीडिंग आणि वेळा सांगितल्या. पलीकडच्या माणसाने शांतपणे पडताळून बिल बरोबर असल्याचे सांगितले. सुनावण्यासारखे काही उरलेच नव्हते. तोच कागद घरमालकांना दाखवला. टाकीची देखभाल त्यांची, पण दोन महिने बिल न पाहिल्याचा दोष आमचा. व्हॉल्व्ह त्यांनी बदलून दिला आणि वाढीव रक्कम निम्मी-निम्मी वाटून घेतली.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या १ तारखेच्या चौकोनात नातू मीटरचे रीडिंग लिहितो. पूर्वी तिथे आमच्याकडे दुधाचा हिशेब असे.