तलाठी ते मंडळ अधिकारी : बढतीने बदलणारे काम

महाराष्ट्रात जमीन बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तलाठी परिचित असतो. २०२४ मध्ये या पदास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नवे पदनाम मिळाले. तथापि गावकऱ्यांच्या बोलण्यात जुने नावच रूढ आहे. तलाठ्यानंतरची पायरी मंडळ अधिकाऱ्याची, व त्यापुढे नायब तहसीलदार आणि तहसीलदार. विभागीय परीक्षा, सेवाज्येष्ठता, गोपनीय अहवाल आणि पदोन्नती समितीची शिफारस या वाटेने ही चढण पार करावी लागते. परीक्षांचा अभ्यास कर्मचारी नेटाने करतात. मात्र बढतीचा आदेश हाती पडताच कामाचे स्वरूपच पालटते, याची पुरेशी तयारी कोणतीही परीक्षा करून देत नाही.

तलाठी लिहितो, मंडळ अधिकारी तपासतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ही दोन कामे हेतुपुरस्सर दोन हातांत ठेवलेली आहेत. खातेदार मरण पावला, म्हणजे वारसांच्या वर्दीवरून तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटिसा बजावतो व चावडीवर प्रत लावतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त ठरून त्याची सुनावणी होते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सात-बारा उतारा बदलतो.

सहीचे मोल

ही सही अनेकदा उपचार समजली जाते. वास्तविक तिच्यावर एखाद्या विधवेचे किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीचे नाव अवलंबून असते. भावांनी वर्दी देताना बहिणीचा उल्लेखच केला नाही, किंवा ‘तिने हक्क सोडला आहे’ असे तोंडी सांगितले, आणि तलाठ्याने ते तसेच उतरवून घेतले, असे घडू शकते. स्थावर मिळकतीवरील हक्क तोंडी सोडता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. मंडळ अधिकाऱ्याने वारसांचा तपशील विचारला, नोटीस खरोखर कोणाला पोहोचली हे पाहिले, तर चूक तेथेच थांबते. न पाहता सही झाली, तर त्या बहिणीला उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाची पायरी चढावी लागते. तोवर जमिनीवर कर्ज काढले जाऊ शकते, क्वचित ती विकलीही जाते.

एका मंडळात साधारणपणे पाच-सहा सजे असतात. उत्तम दप्तर ठेवणारा तलाठी मंडळ अधिकारी झाला, की पहिल्या वर्षात त्याला एक मोह हमखास होतो. सहकाऱ्याचे दप्तर अपुरे दिसले, की तो स्वतःच ते पुरे करू लागतो. काम त्या दिवशी निघते; पण संबंधित तलाठी काही शिकत नाही, बाकीचे सजे नजरेआड राहतात, आणि लिहिणारा व तपासणारा एकच झाल्याने तपासणीला अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण मनाची आहे, आणि ती अधिक अवघड. काल ज्यांच्यासोबत एकाच बाकावर बसून डबा खाल्ला, त्यांच्या चुका आज दाखवायच्या असतात. संकोचाने काहीजण त्या पोटात घालतात. काही नको इतके कठोर होतात. दोन्हींवर उपाय एकच आहे व तो जुनाच आहे : तपासणीची टिपणी लेखी द्यावी, तीत चूक, नियम आणि दुरुस्तीची मुदत नमूद करावी, मुदतीअखेर पुन्हा दप्तर पाहावे, आणि सर्व सजांना मोजमाप एकच लावावे. लेखी टिपणीने नात्याचा प्रश्न नियमाचा होतो. शिवाय तलाठ्याच्या सजात काम खरोखरच जास्त असेल, तर तेही त्या टिपणीत दिसते व वरिष्ठांपुढे ठेवता येते. एवढा न्याय कनिष्ठाला मिळायलाच हवा.

तयारी आधीच हवी

बढतीची वाट पाहणाऱ्या तलाठ्याला ही सवय पदावर असतानाच लावून घेता येते. शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार आला, तर तो केवळ ओझे मानू नये. दुसऱ्याचे दप्तर वाचायची ती संधी असते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागला, तेव्हा या बाबतीत तलाठीही काही अंशी तपासणारा झाला. विवादग्रस्त प्रकरणांतील निकालपत्रे वाचल्यास कोणत्या नोंदी अपिलात टिकत नाहीत, हेही कळत जाते.

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. वर्षअखेर वसुलीची घाई असते, आणि त्या घाईत दप्तर तपासणी मागे पडते. नव्या मंडळ अधिकाऱ्याने तपासणीच्या तारखा ऑगस्टमध्येच ठरवून आपल्या तलाठ्यांना कळवाव्यात, पहिली फेरी दिवाळीच्या आत पुरी करावी आणि ज्या सजात वारस नोंदी सर्वाधिक प्रलंबित असतील तेथून तिची सुरुवात करावी.