टिकी बार : सजावट, संग्रह आणि श्रद्धा

अमेरिकेतील काही घरांच्या तळघरात किंवा परसात बांबूच्या भिंती, झावळ्यांचे छत आणि कोरीव लाकडी मूर्ती यांनी सजलेला लहानसा बार आढळतो. त्यास ‘टिकी बार’ म्हणतात. त्याच्या सजावटीच्या वस्तू जमविणे हा तेथे एक रुजलेला छंद आहे.

१९३० च्या दशकात हॉलिवूडमधील ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ओकलंडमधील ‘ट्रेडर व्हिक्स’ या उपाहारगृहांनी ही शैली रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटे पाहून आलेले सैनिक, तसेच १९५९ मध्ये हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा यांमुळे ती घरोघरी पोहोचली. पुढे तिला ओहोटी लागली, उपाहारगृहे बंद पडली आणि त्यांतील वस्तू जुन्या बाजारात आल्या. त्याच आज संग्राह्य ठरल्या आहेत.

संग्रहाचा आरंभ बहुधा मूर्तीच्या आकाराच्या चिनी मातीच्या मगापासून होतो. मग उलटा करून तळ पाहावा. तेथे निर्मात्याची खूण किंवा उपाहारगृहाचे नाव असल्यास काळ ठरविणे सुकर होते. टवका उडाला असेल तर किंमत घसरते. जपानी मच्छीमारांच्या जाळ्यांवरील काचेचे पोकळ गोळेही लोकप्रिय आहेत; मात्र त्यांच्या नकला विपुल आहेत. ताहितीत राहून काळ्या मखमलीवर चित्रे काढणारे एडगर लीटेग यांच्या शैलीचेही असंख्य अनुकरण झाले. म्हणून केवळ मखमल पाहून भुलू नये.

खरा प्रश्न मात्र किमतीपलीकडचा आहे. माओरी परंपरेत टिकी हा आद्य पुरुष होय. मार्केसास बेटांवर हीच संज्ञा पूज्य कोरीव मूर्तींसाठी वापरली जाते. एखाद्या समाजाचे पूर्वज मद्याच्या पेल्यावर अवतरावेत, हे त्या समाजातील अनेकांना खटकते. त्यामुळे कल्पित मुखवट्यांपेक्षा पॉलिनेशियन कारागिरांनी स्वतः घडविलेले कोरीवकाम किंवा झाडाच्या सालीपासून बनविलेले ‘तापा’ वस्त्र त्यांच्याकडूनच घेणे अधिक उचित ठरते.

प्रवाळ आणि महाकाय शिंपले यांचा मोह टाळावा. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असून भारतातही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण आहे. झावळ्या, काथ्या आणि करवंट्या तर गोव्यात दारातच मिळतात. त्यांसाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.