बोटभर पिल्लू, हातभर मासा : शोभिवंत कॅटफिशची ओळख

शोभिवंत माशांच्या दुकानात बोटभर लांबीचे दिसणारे कॅटफिशचे पिल्लू पूर्ण वाढल्यावर केवढे होणार, हे टाकीच्या आकारावर नव्हे तर त्याच्या जातीवर ठरते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी जात ओळखणे ही मासे पाळणाऱ्याची पहिली जबाबदारी ठरते. तोंडाभोवती स्पर्श आणि चव जाणणाऱ्या मिशा असणारे व खवले नसणारे हे मासे सिल्युरिफॉर्मिस या गणात मोडतात आणि त्यांच्या काही कुळांत खवल्यांच्या जागी हाडांच्या पट्ट्यांचे कवच असते. जेमतेम पाच-सात सेंटिमीटर वाढणारा कोरिडोरास याच गणातला आणि मीटरभराहून लांब होणारे नदीतले शिकारी मासेही याच गणातले असल्यामुळे ‘कॅटफिश’ एवढ्या नावावरून काहीच उलगडा होत नाही.

सर्वांत जास्त घोळ ‘सकर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या माशाबाबत होतो. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा हा मासा बहुधा दक्षिण अमेरिकेतील टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा असतो आणि तो चाळीस सेंटिमीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढतो. त्याच्यासारखाच दिसणारा अँसिस्ट्रस मात्र साधारण बारा ते पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. दोघांतला फरक पाठीवरच्या परात शोधावा. पर ताणून धरणाऱ्या बारीक काड्यांना परकिरण म्हणतात. पुढचा जाड काटा सोडून असे मऊ किरण अँसिस्ट्रसमध्ये सहसा सात असतात, तर टेरिगोप्लिक्थिसमध्ये ते दहा किंवा त्याहून अधिक असून त्याचा पर शिडासारखा उंच व लांब दिसतो. तथापि सात किरण दिसले म्हणून मासा लहानच राहील असे मानू नये, कारण हायपोस्टोमस या प्रजातीतही सातच किरण असतात आणि तिच्यातील काही मासे फूटभर होतात. म्हणून डोक्याची रुंदी, अंगावरची नक्षी आणि वाढत्या वयात अँसिस्ट्रसच्या मुस्कटावर फुटणारे मऊ तंतू अशी अनेक लक्षणे एकत्र जुळवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

‘शार्क’ म्हणून विकले जाणारे रुपेरी पिल्लू मुळात शार्क नसतेच. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातील नद्यांतला, आपल्याकडे पंगास म्हणून खाण्यासाठी वाढवला जाणारा हा कॅटफिश असून त्याची लांबी सुमारे 130 सेंटिमीटर आणि वजन 44 किलोपर्यंत नोंदले गेले आहे. तोंडापाशी आखूड मिशा, अंगावर लांबीच्या दिशेने जाणारे गडद पट्टे आणि शेपटीआधी पाठीवर असणारा छोटा मांसल पर या खुणांवरून त्याचे पिल्लू ओळखता येते. हा मासा थव्याने राहणारा आणि दचकला की वेगाने सुटणारा असल्यामुळे अरुंद टाकीत तो वारंवार काचेवर आदळून जखमी होतो.

रुंद चपटे डोके, काळसर पाठ, कुशीवर पांढरा पट्टा आणि तांबूस शेपटी दिसली, तर ते अ‍ॅमेझॉन व ओरिनोको खोऱ्यांतील रेडटेल कॅटफिशचे पिल्लू समजावे. ते मीटरभराहून मोठे होते आणि तोंडात मावेल तो सोबतचा मासा गिळते.

मासा टाकीच्या मापानेच वाढतो, ही समजूत रूढ असली तरी चुकीची आहे. लहान टाकीत माशाच्या विष्ठेतून आणि श्वसनातून बाहेर पडणारा अमोनिया साचत जातो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, परंतु पाणी थोडे आणि मासा मोठा असला की हा समतोल ढासळतो आणि वाढ खुंटते ती आजारपणामुळे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत जेमतेम 55 लिटर पाणी मावते. हातभर सकरला तिथे धड वळताही येत नाही.

टाकी अपुरी पडली की मासा नदीत सोडणारे अनेक जण त्यामागे दया असल्याचे समजतात, पण त्याचे परिणाम गंभीर होतात. सकर मासा जठरातून हवेतला प्राणवायू घेऊ शकत असल्याने खराब पाण्यातही तगतो आणि विणीसाठी काठात बिळे खोदून किनारा पोखरतो, शिवाय त्याच्या कवचामुळे व काट्यांमुळे जाळी फाटतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ क्षेत्रात तो पसरला आहे आणि महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला आहे.

तेव्हा दुकानात माशाचे शास्त्रीय नाव विचारावे, परकिरण मोजावेत आणि पूर्ण वाढीची लांबी कळल्याशिवाय पिल्लू घरी आणू नये. आधीच आणलेला मासा टाकीत मावेनासा झाला असेल, तर तो दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या पालकाच्या स्वाधीन करावा. नदी, तलाव किंवा विहिरीत तो कधीही सोडू नये.