नव्या गाडीचा भाव बरोबर लागला का?
अकोला आणि अमरावतीच्या शोरूमचे भाव ताडून पाहताना नुसत्या ‘ऑन-रोड’ आकड्यावर जाऊ नका. कोटेशन ओळीओळीने सुटं करून मागा. एमएच-३० असो की एमएच-२७, रस्ता कर राज्याचा, म्हणून सारखाच. वैयक्तिक नावावरच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. ८ लाखांवर ८८ हजार. तिथे घासाघीस चालत नाही. खरी तफावत विम्यात सापडते. तेवढ्याच संरक्षणाचा हप्ता बाहेर विचारा. शोरूमचाच विमा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. ‘हँडलिंग’ची ओळ तर सरळ खोडायलाच लावा. १० लाखांवरच्या गाडीचा १ टक्का टीसीएस मात्र प्राप्तिकरात वळता होतो. जानेवारीतली घसघशीत सूट बहुधा गेल्या वर्षी बनलेल्या गाडीवर असते. निर्मितीचा महिना पाहूनच उरलेले पैसे भरा.