वांगछू नदीची वीज आणि दोन देशांचे नाते

1974 मध्ये भारत आणि भूतान यांच्यात भूतानमधल्या वांगछू नदीवरच्या चुखा जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. 336 मेगावॉटच्या या प्रकल्पाचा खर्च भारताने उचलला: 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज. भूतानची गरज भागवून उरलेली वीज भारताने विकत घ्यायची, असे ठरले. पुढे त्याच वांगछू नदीवर 1020 मेगावॉटचा ताला प्रकल्प उभा राहिला.

भूतानमधले असे बरेच प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. मोठे धरण बांधून पाणी साठवायचे नाही, तर नदीचा प्रवाह बोगद्यातून वळवून उंचावरून टर्बाइनवर सोडायचा. त्यामुळे पावसाळ्यात वीज उदंड होते. हिवाळ्यात मात्र नद्या आटतात, निर्मिती घसरते आणि एरवी वीज विकणारा भूतान भारताकडून वीज घेतो. तारांमधून वीज दोन्ही दिशांना वाहते, तसे अवलंबित्वही दोन्ही बाजूंना असते.

पण एकच खरेदीदार असला की दर आणि कर्ज हे प्रश्न थेट राजकारणाचे होतात. भूतानमधलाच 1200 मेगावॉटचा पुनात्सांगछू-1 प्रकल्प डोंगर खचल्याने वर्षानुवर्षे रखडला. खर्च वाढला, तशी कर्जाची चिंताही. तेलाचे जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येते, विजेची वाहिनी मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणूनच अशा करारात मोठ्या देशाने दर न्याय्य ठेवणे आणि जोखीम वाटून घेणे, हीच खरी मुत्सद्देगिरी आहे.