ठिपक्याएवढा कीटक : शत्रू की मित्र?

कांद्याची वा कपाशीची पात पांढऱ्या कागदावर झटकली असता पुष्कळदा टाचणीच्या टोकाहून लहान असा एखादा पंखधारी कीटक कागदावर पडतो. नुसत्या डोळ्यांना तो केवळ सरकता ठिपका भासतो. तो पिकाचा शत्रू असेल, तर उपाय योजणे अगत्याचे असते. परंतु मित्र असेल, तर घाईने केलेली फवारणी आपल्याच राखणदाराचा बळी घेते. ही ओळख त्याच्या शरीररचनेवरून पटविता येते.

अशा कीटकांत फुलकिडे नेहमी आढळतात. त्यांची लांबी साधारणतः १ ते २ मिलिमीटर असून शरीर सडपातळ असते. चारही पंख काडीसारखे अरुंद असून त्यांच्या कडांना लांब केसांची झालर असते. ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतो. त्याच्याही पंखांना बारीक झालर असते व येथेच फसगत होते. म्हणून केवळ झालरीवर विसंबून चालत नाही.

ट्रायकोग्रामाचे शरीर आखूड व भरीव, डोळे तांबडे आणि पुढील पंख रुंद असतात. त्या पंखांवर सूक्ष्म केसांच्या ओळी असतात. त्यांवरूनच त्यास हे नाव मिळाले. त्याच्या शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात, तर फुलकिड्यांच्या शृंगिका मण्यांच्या सरळ माळेसारख्या दिसतात. साध्या भिंगातून शरीराची ठेवण कळते. केसांच्या ओळी पाहण्यास मात्र सूक्ष्मदर्शक लागतो.

रचनेतील हा भेद कार्यातही उतरलेला आहे. फुलकिड्यांच्या मुखात केवळ डावा जबडा विकसित झालेला असतो. त्याने पानाची त्वचा भेदून ते रस शोषतात व पातीवर पांढुरके चट्टे पडतात. ट्रायकोग्रामाची मादी पिकास इजा न करता पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतील अळी ते अंडे पोखरून खाते, अंडे काळे पडते आणि पीक फस्त करणारी अळी त्यातून जन्मासच येत नाही. उसावरील खोडकिडीच्या नियंत्रणासाठी वापरली जाणारी ट्रायकोकार्डे याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

ट्रायकोग्रामाच्या निरनिराळ्या जाती बाह्यतः जवळजवळ सारख्याच दिसतात. बंगलोर येथील सुधा नागरकट्टी व एच. नागराज या संशोधकांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियांची रचना हे जाती ओळखण्याचे महत्त्वाचे लक्षण असल्याचे दाखवून दिले. योग्य किडीविरुद्ध योग्य जात सोडण्यास या ज्ञानाचे मोठे साहाय्य झाले.

शंका असल्यास असे काही कीटक अल्कोहोल भरलेल्या लहान कुपीत घालून, पीक व तारीख लिहून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वा कृषी विद्यापीठात दाखवावेत. आधी ओळख आणि मग फवारणी, हाच क्रम शेतकऱ्याच्या हिताचा होय.