शुगरवाल्यांनी शुगरवाल्यांना शिकवलेलं

सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव असो की हिंगोली जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, घरातल्या लेकराला टाइप १ मधुमेह निघाला की इंजेक्शनच्या धसक्यापाठोपाठ प्रश्न येतो फ्रिजचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, लाइटचा नेम नाही आणि इन्सुलिन तर थंड राहायला हवं. फ्रिज नसेल तर उपाय साधा: मातीच्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं भांडं, त्यात बाटली, वर ओलं फडकं आणि जागा सावलीतली. डॉक्टर हे सांगतातही, पण ज्या आईने असे उन्हाळे काढलेत तिने सांगितलं की धीर येतो.

मराठवाड्यात टाइप १ असलेल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची 'उडान' संस्था काम करते. मधुमेहतज्ज्ञ डॉ. अर्चना सारडा यांचं हे काम. आजार पेलायला औषधाइतकंच शिक्षण लागतं, ही जाण त्यामागे आहे. आपल्यासारख्याच मुलांच्या गटात बसलेल्या मुलाला पहिल्यांदाच कळतं, सुई टोचून घेणारे आपण एकटे नाही.

अशा गटात शिकायचं असतं अगदी हातातलं. इन्सुलिनच्या बाटलीवर दर मिलिलिटरला ४० युनिट लिहिलंय की १००, हे आधी वाचायचं. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट चूक झाली तर डोस अडीचपट, आणि ती जिवावर बेतू शकते. रोज एकाच जागी टोचलं की तिथे गाठ होते आणि औषध नीट भिनत नाही. रक्तातली साखर उतरून घाम फुटला, हात थरथरले तर आधी साखर खायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

मोठ्यांचा टाइप २ वेगळा, त्याची संख्याही प्रचंड. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तो गटांमुळे टळतो का, हे पाहायला केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ जणांवर गावातल्याच गटप्रमुखांनी चालवलेल्या गटांचा प्रयोग झाला. दोन वर्षांत मधुमेह झाला गटात १४.९ टक्क्यांना, इतरांत १७.१ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पुरेसा ठरला नाही. खाण्यापिण्याच्या काही सवयी मात्र सुधारल्या. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. गट म्हणजे औषध नव्हे. म्हणूनच डोस किती वाढवू, असं कुणी विचारलं, तर गटप्रमुखाने स्वतःचा आकडा सांगू नये. त्या माणसाला डॉक्टरांकडे धाडावं आणि जमलं तर सोबतही जावं.